एका बाहीचा स्वेटर

आमच्या घरात चुका काढायचं खातं थोरल्या जाऊबाईंकडे आहे. ते त्यांना कोणी दिलं नाही, त्यांनीच घेतलं. कपड्यांच्या कारखान्यात त्या तयार शर्ट तपासायच्या. कॉलर वाकडी, काज मोठं, शिवण सुटलेली दिसली की शर्ट गेलाच परत. नोकरी संपली, नजर तीच राहिली. मी चादर अंथरली तरी त्या दारात उभ्या राहून कडेची रेघ बघतात. माझे थोरले दीर, म्हणजे त्यांचे यजमान, त्यांना तोंडावर मुकादम म्हणतात. मी वहिनीच म्हणते, कारण मला त्यांच्याच घरात राहायचं आहे.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एका मैत्रिणीकडून त्या विणायला शिकल्या आणि मी या घरात आले तेव्हा त्यांनी मला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, मी विणायचं आणि त्यांनी उसवायला लावायचं. माझा पहिला स्वेटर पाठीचा भाग पूर्ण झाल्यावर त्यांनी उजेडात धरला, खालच्या बाजूला बोट ठेवलं आणि म्हणाल्या की इथे टाका सुटलाय. मला रडूच फुटलं. दोन महिन्यांची मेहनत होती. त्या शेजारी येऊन बसल्या, धाग्याचं टोक हातात घेतलं आणि म्हणाल्या, "तू ओढ, मी गुंडाळते. उसवताना माणसानं एकटं बसू नये." पाठ उसवून होईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या दिवसापासून मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्यावाचून करमतही नाही.

पुढे आमची बैठक सुरू झाली तेव्हा हाच तिचा नियम झाला. कोणी उसवायला घेतलं की बाकीच्यांनी सुया खाली ठेवायच्या आणि एकानं धागा गुंडाळायचा. दुसरा नियम, कोणाच्या सुईला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. अडलं तर सांगावं, दाखवावं, पण आपल्या सुईवर. दोन्ही नियम वहिनींचेच. आम्ही फक्त माना हलवल्या.

बैठक म्हणजे चार माणसं. लाँड्रीच्या वरची खोली, शनिवारची दुपार. खाली इस्त्र्या चालू असतात, त्यामुळे वरची फरशी पायाला कोमट लागते आणि थंडीत सगळे चपला काढून बसतात. भिंतीला एक कपाट आहे, त्यात प्रत्येकाची पिशवी. लाँड्रीवाली आमच्यातलीच, खोली तिची. तिचा हात इतका सैल की तिनं विणलेल्या टोपीतून वारा न अडता पलीकडे जातो. माझा हात घट्ट. टाके सुईवर असे आवळून बसतात की पुढे सरकवताना सुई करकरते आणि घरात काही बिनसलं असेल तर आणखी करकरते. चौथे निवृत्त पोस्टमास्तर. ते फक्त मफलर विणतात. मफलरला गळा नाही, बाही नाही, टाके कमी करायचे नाहीत, वाढवायचे नाहीत, नुसतं पुढे जायचं. त्यांच्या सगळ्या नातेवाइकांकडे मफलर झालेत आणि आता ते नवीन ओळखी काढतात.

आम्ही तिथे काय करतो असं माझे यजमान विचारतात. कुरकुर करतो. लोकर पुरली नाही, दुकानात पुन्हा तीच छटा मिळाली नाही, मोजमाप बरोबर घेऊनही गळा डोक्यातून जात नाही, ज्याच्यासाठी विणलं त्यानं ते कपाटात घडी घालून ठेवलं. हे घरी सांगितलं तर लोक म्हणतात, मग विकत का नाही घेत? त्या खोलीत हे कोणी म्हणत नाही. तिथे सुटलेला टाका सात ओळी खालून सुईनं उचलून वर आणला तरी चौघं मान वाकवून बघतात आणि मनापासून वा म्हणतात.

वहिनी तेव्हा भाऊजींचा स्वेटर विणत होत्या. भाऊजी पहाटे दुधाची गाडी चालवतात आणि गाडीची काच नीट बंद होत नाही. शेवाळी रंगाची जाड लोकर, पाठ आणि पोट साधं, बाह्यांवर मात्र मनगटापासून खांद्यापर्यंत वेणी. ही वेणी घालताना तीन टाके एका जादा सुईवर काढून पुढे धरायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग ते पुढचे. पुढे धरले तर पीळ डावीकडे जातो, मागे धरले तर उजवीकडे. एवढंच लक्षात ठेवायचं, आणि तेवढंच गप्पांत विसरायला होतं.

पहिली बाही चालू असतानाचा एक शनिवार आम्ही कधी विसरणार नाही. पोस्टमास्तर आणि लाँड्रीवाली, दोघांचीही लोकर त्या दिवशी राखाडी होती. लोकरीच्या गुंड्याला दोन टोकं असतात, एक बाहेरचं आणि एक पोटातलं. दोघं पाठीला पाठ लावून बसले होते, मध्ये जमिनीवर गुंडा. लाँड्रीवालीनं बाहेरचं टोक घेतलं, पोस्टमास्तरांनी आतलं, आणि दोघं आपापला गुंडा समजून विणत राहिले. पोस्टमास्तर म्हणाले, आज हात चांगला चाललाय, लोकर भराभर संपतेय. लाँड्रीवाली म्हणाली, माझीही. मग गुंडा संपला. तिनं धागा ओढला तशी पोस्टमास्तरांच्या हातातली सुई मागे गेली. त्यांनी ओढला, तिची टोपी सुईवरून निघाली. "अहो, माझी लोकर का ओढता?" असं दोघंही एकदम म्हणाले आणि वळून बघतात तर टोपी आणि मफलर एकाच धाग्यावर. दुसरा गुंडा कपाटाखाली आरामात पडलेला होता. वहिनी हसल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी, बाही मांडीवरून घसरत होती, आणि तरी हात थांबले नव्हते. लाँड्रीवालीची टोपी आम्ही कात्रीनं सोडवली आणि त्या शनिवारी काम फारसं कोणाचं झालं नाही.

पाठ, पोट, पहिली बाही सगळं शिवून झालं. दुसऱ्या बाहीची मनगटाची बॉर्डर वहिनींनी खोलीतच विणली आणि सुईसकट पिशवीत ठेवली. त्या आठवड्यातच एका सकाळी मोरीपाशी त्यांच्या हातून भांडं पडलं. मी म्हटलं, काय झालं? त्या म्हणाल्या, हातच सापडत नाहीये. चेहरा एका बाजूला ओढला गेला होता. भाऊजी गाडी घेऊन बाहेर होते, मी शेजाऱ्यांची रिक्षा काढायला लावली.

जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय थोडा ओढत का होईना चालू लागला. डावा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं की काही सुधारेल, पण किती ते सांगता येत नाही. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. ती रबराचा चेंडू दाबायला सांगायची. वहिनींनी चेंडू बाजूला सारला आणि लोकरीचा गुंडा मागितला. दाबायचंच आहे तर हा दाबते, म्हणाल्या.

भाऊजींनी त्या दिवसांत एक वेगळंच आरंभलं. तो अर्धवट स्वेटर त्यांनी घालायलाच घेतला. एक बाही लोकरीची, दुसऱ्या हाताला नुसता शर्ट. डेपोवरचे लोक हसायचे, त्यांना एकबाह्या म्हणायचे. मी म्हटलं, भाऊजी, वरून कोट तरी घाला. ते म्हणाले, कोट घातला तर कोणाला कळणार की माझी एक बाही यायची आहे? हे ते मुद्दाम वहिनींना ऐकू जाईल असं बोलले.

वहिनींनी ऐकलं. मग मला खोलीत बोलावून दार लावायला सांगितलं. "ती बाही मी पुरी करणार," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं. थंडी संपेपर्यंत झाली नाही, तर सगळी लोकर आणि सुया वाटून टाक आणि मला तो जिना चढायला सांगू नकोस. नुसतं बघायला मी तिथे बसणार नाही." त्या बोललेलं बदलत नाहीत हे मला माहीत होतं. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

पुढच्या शनिवारी मी हे खोलीत सांगितलं. मग पोस्टमास्तरांनी डोकं चालवलं. आजारात माणसाला आधीचं सगळं आठवत नाही, ते म्हणाले. बाही आपण विणू. मग सांगू की मुकादम, तुम्हीच जवळजवळ पुरी केली होती, शेवटचे थोडे टाके राहिलेत, ते तेवढे बंद करा. त्यांच्याच हातानं पुरी झाली असं होईल आणि त्या जिना चढतील. लाँड्रीवालीला हे एकदम पटलं. विणायचं माझ्यावर आलं, कारण हात त्यांच्याकडून शिकलेला माझाच. दुसऱ्याच्या सुईला हात लावायचा नाही हा नियम सगळ्यांना आठवत होता. कोणी काढला नाही.

माझा हात घट्ट म्हणून मी एका नंबरानं जाड सुई घेतली. भाऊजींचा स्वेटर धुवायच्या निमित्तानं लाँड्रीत आला तेव्हा लाँड्रीवालीनं पहिल्या बाहीची लांबीरुंदी टेपनं मोजून घेतली. वेणी मी शिकले होते तशी घातली, प्रत्येक पीळ डावीकडे. हे लबाडीचं काम होतं, पण असं नीट काम मी आयुष्यात केलं नव्हतं. बाही वाफेवर धरून सपाट केल्यावर लाँड्रीवाली म्हणाली की तुझ्या वहिनींनाही ओळखता येणार नाही. मला आजही वाटतं, दुसरी कोणी असती तर फसली असती.

वहिनींना आम्ही धरून धरून जिना चढवला. त्या खुर्चीत टेकल्या, फरशीवर पाय ठेवले आणि म्हणाल्या, अजून कोमट आहे. लाँड्रीवालीनं कपाटातून त्यांची पिशवी काढून मांडीवर ठेवली. पोस्टमास्तरांनी पाठ केलेलं सांगितलं, की बाही होतच आली होती, आता थोडेच टाके आहेत. वहिनींनी बाही बाहेर काढली. आमच्याकडे पाहिलं. पुन्हा बाहीकडे पाहिलं.

"ही मी विणली?" त्यांनी विचारलं. "मला तर बॉर्डरच आठवतेय."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तेव्हा मला कळलं की आपण काय करून बसलोय. हात गेला होता ते त्यांनी पचवलं होतं. आता त्यांना वाटलं की डोकंही गेलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी उजव्या हाताची बोटं वेणीवरून फिरवायला सुरुवात केली, मनगटापासून वर, एकेक पीळ चाचपत. कोपराच्या जरा वर आल्यावर थांबल्या. खाली गेल्या, परत वर आल्या. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि मान वर केली.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या. "हिच्यात चूक नाहीये."

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. पहिल्या बाहीत कोपराच्या वर एक पीळ उजवीकडे गेला होता. टोपी आणि मफलर एका धाग्यावर निघाले त्या शनिवारी, हसता हसता त्यांनी जादा सुई पुढे धरायच्या ऐवजी मागे धरली होती. घरी गेल्यावर दिसलं. दुसऱ्या कोणाचं असतं तर उसवायला लावलं असतं. "पण ते मी उसवणार नव्हते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बाहीतही तिथेच, तशीच घालणार होते. म्हणजे जोडी झाली असती." जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईनं एकच चूक जपून ठेवली होती, आणि आम्ही ती दुरुस्त करून बसलो होतो. भाऊजींच्या अंगावर ती महिनाभर फिरत होती. आम्ही टेप लावून मोजलं, पण वेणीकडे कोणी पाहिलं नाही.

मग त्यांचा राग आला. आवाज चढला नाही, त्यांचा कधी चढत नाही. आजारापेक्षा आत्ताच मी जास्त घाबरले, एवढंच त्या म्हणाल्या. पोस्टमास्तर चष्मा पुसत राहिले. लाँड्रीवाली रडायला लागली. वहिनींनी बाहीची सुई ओढून काढली, टाके मोकळे केले, धाग्याचं टोक माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "गुंडाळ."

नियम होता. सगळ्यांनी सुया खाली ठेवल्या. त्या एका हातानं ओढत होत्या आणि मी माझंच काम गुंडाळत होते. खांदा गेला, कोपर गेलं. हात दुखला की त्या थांबायच्या, कोणी मदतीला पुढे झालं की नुसतं बघायच्या. शेवटी त्यांची ती बॉर्डर राहिली. तिचे टाके त्यांनी एकेक करून सुईवर घेतले. त्यातच दुपार संपली.

मग उरलेल्या थंडीचे दिवस सुरू झाले. डावी सुई त्या काखेत दाबून धरायच्या आणि उजव्या हातानं विणायच्या. डाव्या हाताचं काम एकच, अंगठ्यानं टाका पुढे ढकलायचा. अंगठा ऐकायचा नाही. टाका सुटायचा, तो उचलताना शेजारचे दोन सुटायचे. एक ओळ व्हायला सकाळ जायची आणि कधी संध्याकाळी तीच ओळ उसवायची. मी कितीदा गुंडाळलं त्याला हिशेब नाही. त्या चिडायच्या, हाताला शिव्या द्यायच्या, तू फुकट खातोस म्हणायच्या, पुन्हा सुई काखेत मारायच्या. व्यायामवाल्या मुलीनं एकदा पाहिलं आणि चेंडू पिशवीत घालून परत नेला. शनिवारी जिना चढायचा तर बरंच आधी निघावं लागायचं. तरी त्या चढायच्या, आणि वर पोहोचल्यावर पोस्टमास्तरांचा मफलर तपासून मगच बसायच्या. वेणीला दोन हात लागतातच. त्यासाठी भाऊजींनी गाडीच्या कुठल्याशा भागातला लोखंडी चिमटा घासून दिला. तीन टाके त्यात अडकवायचे आणि सोडून द्यायचे. कोपराच्या वर आल्या त्या दिवशी त्यांनी आम्हाला दाखवून चिमटा मागच्या बाजूला टाकला. पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, चुकीला टाळ्या.

थंडी सरत आली होती तेव्हा बाही पुरी झाली. शिवली मी, कारण सुईदोरा त्यांना अजून जमत नव्हता आणि शिवणीबद्दल नियम नव्हता. भाऊजी मुद्दाम खोलीवर आले. घालून उभे राहिले. वहिनींनी त्यांना खिडकीपाशी नेलं, दोन्ही हात सरळ धरायला लावले आणि नजर फिरवली, कारखान्यातली. मला त्यांच्या कपाळावरची आठी दिसली.

"खाली जाळी झालीये," त्या म्हणाल्या. "हे कोणी पास केलं असतं का? काढा. उसवते आणि पुन्हा घालते."

खरं होतं. मनगटापाशी, बॉर्डरच्या लगेच वर, टाके इतके सैल की आतला शर्ट दिसत होता. पण मी जवळ गेले आणि बाही खालून वर पाहिली. कोपरापाशी टाके जवळ आले होते. उलट्या पिळाच्या वर ते एका ओळीत होते. खांद्यापाशी तर मला पहिली बाही कुठली आणि दुसरी कुठली ते सांगता आलं नाही. हात हळूहळू परत आला होता आणि तो कसा आला ते तिथे टाक्याटाक्यानं विणलेलं होतं. आणि विणलेलं वरूनच उसवतं. खालची जाळी काढायची तर आधी वरचं सगळं चांगलं जाणार होतं.

वहिनींनी कात्रीनं खांद्याची शिवण सोडवली, माझी शिवण, धाग्याचं टोक मोकळं केलं आणि माझ्यापुढे धरलं. भाऊजी हात लांब करून उभेच होते. सगळ्यांनी सवयीनं सुया खाली ठेवल्या.

"मी गुंडाळणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. त्यांनी हात मागे बांधले. लाँड्रीवालीनं आपले हात पदराखाली घेतले. मी म्हटलं, वहिनी, उसवताना माणसानं एकटं बसू नये हा तुमचा नियम आहे. आज कोणी बसणार नाही. खालची बाही आजारी बाईची आहे, वरची तुमची आहे, आणि मला दोन्ही हव्या आहेत. माझा आवाज फाटला होता आणि मला त्याची लाज वाटली नाही.

इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. मग त्यांनी डाव्या हातानं, त्या डाव्या हातानं, भाऊजींचं मनगट धरलं आणि बॉर्डर एकदा बाहेरून वर दुमडली. जाळी तिच्याखाली झाकली गेली. दुमडलेली कड त्यांनी सरळ केली आणि मला म्हणाल्या, शिवण पुन्हा घाल, आणि या वेळी वाकडी घालू नकोस.

मी शिवत होते तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून उरलेला शेवाळी गुंडा काढला. सुई काखेत मारली आणि नवे टाके घालायला लागल्या. कोणासाठी, मी विचारलं.

"तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "चुकलं तर गुंडाळशील ना?"

गुंडाळीन, मी म्हटलं.